नाइटाची पत

नाइट म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो चकाकत्या चिलखतातला, टाचेला लोखंडी आर बांधलेला घोडेस्वार. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला प्रश्न पडतो, या सरंजामाला पैसा कोठून येई? इंग्लंडच्या विल्यम मार्शलचे चरित्र याचे उत्तर देते.

विल्यम जन्मला ११४७ च्या सुमारास. लहानपणीच बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवले आणि दिलेला शब्द मोडला. पोराला फाशी देण्याची धमकी आली तरी बाप बधला नाही. राजालाच दया आली, म्हणून तो वाचला.

धाकट्या मुलाला जमीन कोठली? नॉर्मंडीत एका सरदाराच्या पदरी शिकून तो विशीच्या सुमारास नाइट झाला. पहिल्याच लढाईत शौर्य गाजवले. पण घोडा मारला गेला आणि लूट काहीच आणली नाही. रात्रीच्या मेजवानीत एका उमरावाने त्याच्याकडे घोड्याची दुमची भेट मागून त्याची थट्टा केली. शेवटी अंगावरचा किमती झगा विकून त्याने चिलखत वाहायला एक साधे घोडे घेतले. घोड्यावाचून टाचेची आर काय कामाची!

त्या काळी टूर्नामेंट नावाच्या लुटुपुटीच्या लढाया होत. हरलेल्याचा घोडा व सरंजाम जिंकणाऱ्याचा, शिवाय खंडणी. विल्यमने रॉजर नावाच्या नाइटाशी चक्क भागीदारी केली. दहा महिन्यांत दोघांनी १०३ नाइट पकडले, आणि हिशेब ठेवला मुदपाकखान्याच्या कारकुनाने! एकदा बक्षीस द्यायला लोक त्याला शोधू लागले, तर स्वारी लोहाराच्या ऐरणीवर डोके ठेवून बसलेली. घाव बसून चेपलेले शिरस्त्राण निघत नव्हते.

हा सारा व्यवहार शब्दावर चाले. खंडणी देईन असे वचन घेऊन कैद्याला सोडत. शब्द मोडणाऱ्याची पत बुडे. विल्यमने ती जन्मभर जपली आणि पाच राजांची सेवा केली.

१२१६ मध्ये राजा जॉन वारला, तेव्हा तिजोरी रिकामी होती, लंडन शत्रूच्या हाती होते आणि वारस हेन्री अवघा नऊ वर्षांचा. सरदारांनी राज्य सोपवले ते सत्तरीच्या घरातल्या विल्यमवर. १२१७ मध्ये त्याने लिंकनची लढाई स्वतः घोड्यावर बसून जिंकली. १२१९ मध्ये तो वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

घोडा मरतो, चिलखत गंजते. ताळेबंदात ज्याला रकाना नाही असे त्याचे खरे भांडवल एकच होते, पत. बापाने ती मोडली तेव्हा एक मूल फासाजवळ गेले; मुलाने ती राखली, म्हणून एका मुलाचे राज्य वाचले.