गवत कापायच्या गाडीतला 'टक्' आवाज आणि जोडे शिवणारा विल्यम स्टर्जन

अमेरिकेत घरामागचं गवत कापायला लोक छोट्या ट्रॅक्टरसारख्या गाडीवर बसतात. कधी कधी चावी मारली की स्टार्टर गरगरा फिरतो, टाकीत पेट्रोल असतं, पण इंजिन काही सुरू होत नाही. अशा वेळी जाणता मेकॅनिक पाना उचलायच्या आधी कान लावतो. स्टार्टर न मारता चावी नुसती ऑनवर नेली, तर कार्ब्युरेटरच्या बुडाशी 'टक्' असा आवाज यायला हवा.

तो आवाज असतो फ्युएल सोलेनॉईडचा. आणि त्याच्या मुळाशी आहे विल्यम स्टर्जन नावाचा जोडे शिवणारा माणूस.

स्टर्जनचा जन्म १७८३ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. बापही जोडेच शिवायचा, पण लक्ष सगळं चोरून मासे मारण्यात आणि झुंजीचे कोंबडे पाळण्यात. पोराला दुसऱ्या एका जोडेवाल्याकडे कामाला ठेवलं, तर त्याने उपाशी ठेवून छळलं. शेवटी १८०२ मध्ये गडी सैन्यात गेला आणि दोन वर्षांनी तोफखान्यात साधा शिपाई झाला.

न्यूफाउंडलंडच्या तळावर असताना त्याने विजांचं भयंकर वादळ पाहिलं आणि वीज म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. शाळा धड झालेली नव्हती. मग गणित, लॅटिन, ग्रीक सगळं स्वतःच शिकला. १८२० मध्ये, ३७ व्या वर्षी, सैन्यातून बाहेर पडला आणि पुन्हा जोडे शिवायला बसला.

योगायोग बघा, त्याच वर्षी डेन्मार्कच्या अर्स्टेडने दाखवलं होतं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते.

१८२४ मध्ये स्टर्जनला अ‍ॅडिसकोंबच्या लष्करी शाळेत शिकवायची नोकरी मिळाली. ही शाळा ईस्ट इंडिया कंपनीची. इथून निघालेले अधिकारी बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत जायचे.

पुढच्याच वर्षी त्याने कमाल केली. घोड्याच्या नालासारखं वाकवलेलं साधारण २०० ग्रॅमचं लोखंड घेतलं, त्यावर वॉर्निश लावलं आणि तांब्याच्या उघड्या तारेचे १८ वेढे दिले. वीज सोडली की ते ४ किलो वजन उचलायचं, वीज तोडली की वजन खाली. हवा तेव्हा चुंबक, नको तेव्हा नुसतं लोखंड! सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला रौप्यपदक आणि ३० गिनी दिल्या.

सोलेनॉईडमध्ये नेमकं हेच होतं. तारेच्या गुंडाळीत एक लोखंडी दट्ट्या असतो आणि त्याच्यामागे स्प्रिंग. चावी बंद असताना स्प्रिंग दट्ट्याला पुढे रेटून पेट्रोलचं भोक बुजवते, म्हणजे बंद होणाऱ्या इंजिनातलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन धाडकन पेटत नाही. चावी ऑन केली की १२ व्होल्ट मिळतात, दट्ट्या मागे ओढला जातो. टक्!

आवाजच आला नाही तर? आधी तारेवर मीटर लावा. १२ व्होल्ट येत नसतील तर बिचाऱ्या सोलेनॉईडचा दोष नाही. फ्यूज, तार, स्विच बघा. येत असतील तर अर्थिंगच्या जागेचा गंज घासा. तरीही ढिम्म? मग सोलेनॉईड काढून, पेट्रोलपासून लांब नेऊन, थेट बॅटरीवर लावा. तिथेही दट्ट्या हलला नाही तर गुंडाळी जळालीय, नाहीतर जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने तो अडकलाय. आणि टक् वाजूनही इंजिन सुरू होत नसेल तर कचरा जेटमध्ये शोधा. लोक ही तपासणी न करताच नवा सोलेनॉईड आणतात आणि पैसे वाया घालवतात.

स्टर्जन पुढेही थांबला नाही. १८३६ मध्ये विजेवरचं मासिक काढलं. १८४० मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान प्रदर्शनाचा प्रमुख झाला, पण दोन वर्षांत तेही बंद पडलं. मग म्हातारपणी गावोगाव फिरून व्याख्यानं द्यायची वेळ आली. १८४९ मध्ये सरकारने वर्षाला ५० पौंडांची पेन्शन लावली. ४ डिसेंबर १८५० ला तो प्रेस्टविचमध्ये वारला.