वाटाण्याची खातेवही

घरात मूल जन्माला आले की पाळण्याभोवती पहिली चर्चा होते ती ते कोणावर गेले याची. नाक आजोबांचे, जिवणी आईची, कपाळ थेट आत्याचे. पण एखाद्या बाळाचे घारे डोळे ना आईचे असतात, ना बापाचे. मग घरातले कोणी म्हातारे माणूस आठवण काढते की पणजीचे डोळे असेच होते. मधल्या दोन पिढ्या ते डोळे होते तरी कुठे?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्यांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण मुलात मिसळतात, अशीच सर्वसाधारण समजूत होती. पण एकदा मिसळलेले दूध आणि पाणी पुन्हा वेगळे होत नाही. मग पणजीचे डोळे परत आले कसे? हे कोडे सोडवले ते शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेल्या एका संन्याशाने, आणि तेही वाटाणे मोजून. त्याचे नाव ग्रेगॉर मेंडेल.

मेंडेलचा जन्म जुलै १८२२ मध्ये हायन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज ते झेक प्रजासत्ताकात आहे. त्याचे जन्मनाव योहान. वडील अँटोन शेतकरी होते. घरची जमीन होती, फळबाग होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठबिगारीने राबावे लागे. झाडांना कलमे बांधायला योहान वडिलांकडूनच शिकला. पोरगा हुशार म्हणून त्याला दूरच्या शाळेत घातले खरे, पण खानावळीचे पुरते पैसे भरण्याचीही ऐपत नव्हती. बरेचदा अर्धपोटी राहून त्याने शिक्षण केले.

१८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. शेत पुढे थोरल्या बहिणीकडे, वेरोनिकाकडे आणि तिच्या नवऱ्याकडे गेले. योहानचे शिक्षण बंद पडायची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण थेरेसिया पुढे आली. लग्नासाठी म्हणून तिच्या वाट्याला आलेल्या पैशांतला हिस्सा तिने भावाला देऊन टाकला. हे ऋण मेंडेल विसरला नाही. थेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार पुढे त्याने उचलला आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

पोटाची चिंता मिटावी म्हणून १८४३ मध्ये त्याने ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठाची वाट धरली. तिथे त्याला ग्रेगॉर हे नाव मिळाले. मठ मोठा विलक्षण होता. ग्रंथालय समृद्ध, मंडळी विद्याव्यासंगी आणि मठाधिपती सिरिल नाप तर या सर्वांवर कडी करणारे. ब्रनो हे लोकरीच्या कापडाचे गाव. चांगल्या लोकरीची मेंढी कशी निपजवावी यावर तिथल्या व्यापाऱ्यांचे लाखोंचे हिशोब अवलंबून होते. आईबापांकडून नेमके काय उतरते आणि कसे उतरते, हा प्रश्न नाप यांनी मेंडेल मठात येण्याच्या काही वर्षे आधीच विचारून ठेवला होता.

धर्मगुरू म्हणून मेंडेलला आजारी माणसांच्या उशाशी जावे लागे. त्यांचे हाल पाहून तो स्वतःच आजारी पडू लागला. हे ओळखून नाप यांनी त्याला शाळेत शिकवायला धाडले. शिक्षक म्हणून तो मुलांचा लाडका होता, पण कायम नोकरीसाठी सरकारी परीक्षा आवश्यक होती. १८५० मध्ये तो त्या परीक्षेत नापास झाला. नाप यांनी त्याला दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे त्याला पदार्थविज्ञानाला डॉप्लर आणि वनस्पतिशास्त्राला उंगर असे गुरू लाभले. मोजमाप आणि गणित यांची गोडी त्याला तिथेच लागली. १८५६ मध्ये तो पुन्हा परीक्षेला बसला आणि तीही अर्धवट राहिली. शिक्षक म्हणून होता तोवर तो बदली शिक्षकच राहिला.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेतील पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद तुकड्यात त्याने वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. त्याआधी दोन वर्षे त्याने निरनिराळे ३४ वाण लावून पाहिले होते. वाण शुद्ध आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तसाच उगवतो आहे, याची खात्री करून त्यांतले २२ निवडले होते. पाहायचे गुणही मोजून सातच घेतले. दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, फूल जांभळे की पांढरे, शेंग फुगीर की आवळलेली, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, फुले जागोजाग की शेंड्याला, रोप उंच की बुटके.

वाटाण्याचे फूल मिटलेले असतानाच त्याचे पराग त्याच फुलावर पडतात. म्हणून कळी उमलण्याआधीच ती उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग कुंचल्याने आत लावायचे आणि वर पिशवी बांधायची. मधमाशीला शिरकाव नको. आठ हंगामांत सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्याच्या हाताखालून गेली.

गोल आणि सुरकुतलेल्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल निघाले. सुरकुत्या जणू नाहीशाच झाल्या. मग तेच दाणे पेरून २५३ रोपे वाढवली आणि त्यांचे त्यांच्यातच परागण होऊ दिले. हाती ७,३२४ दाणे आले. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. हिरव्या-पिवळ्याच्या बाबतीत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. कोणताही गुण घ्या, हिशोब तीनास एक.

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यातला पुढचा भाग विशेष भावतो. एकूण रकमेवर तो थांबला नाही, खाती उघडून पाहिली. वरून सारख्याच दिसणाऱ्या गोल दाण्यांपासून त्याने ५६५ रोपे वाढवली. त्यांतल्या १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले, पण ३७२ रोपांच्या शेंगांत गोलांबरोबर सुरकुतलेलेही निघाले. म्हणजे दर तीन गोलांतले दोन आपल्या पोटात सुरकुती लपवून होते. यावरून त्याने ताडले की प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. एक प्रभावी असेल तर दुसरा झाकला जातो, पण तो विरघळत नाही. कित्येक वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील शिल्लक जशी बुडत नाही, तसा तो तिथेच असतो. पुढच्या पिढीत दोन्हीकडून तसाच घटक आला की पुन्हा प्रकट होतो. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन संध्याकाळी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात त्याने हा निबंध वाचला. १८६६ मध्ये तो छापून शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. चाळीस प्रती त्याने स्वतःसाठी काढून घेतल्या. वनस्पतिशास्त्र आणि अंकगणित यांची अशी सांगड तेव्हा कोणाच्या पचनी पडली नाही. डार्विनच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर मेंडेलने खुणा करत वाचले होते. मेंडेलचा निबंध मात्र डार्विनच्या वाचनात आला नाही. म्युनिकचे नामांकित प्राध्यापक नेगेली यांच्याशी त्याचा सात वर्षे पत्रव्यवहार चालला, पण त्यांनाही हे गणित पटले नाही. नेगेलींच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावर मेंडेलने डोळे दुखेपर्यंत प्रयोग केले. तिथे हिशोब जुळेना. या झाडात बरेचदा परागाशिवायच बी धरते आणि रोप आईची हुबेहूब प्रत निघते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले. ते कळायला मेंडेल जिवंत नव्हता.

१८६८ मध्ये तो मठाधिपती झाला आणि बाग मागे पडली. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्याय्य आहे असे ठरवून त्याने अखेरपर्यंत भरला नाही, जप्ती आली तरी हटला नाही. मधमाश्या पाळल्या, रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवल्या. १८८१ मध्ये तर जमिनी तारण घेऊन कर्ज देणाऱ्या मोरेव्हियातील बँकेचा तो अध्यक्ष झाला. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने तो गेला. अंत्यविधीला पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या यानाचेकने ऑर्गन वाजवला. जमलेल्या गर्दीने निरोप दिला तो एका मठाधिपतीला. त्याचे बरेचसे कागद त्याच्या पश्चात जाळण्यात आले.

छापलेला निबंध मात्र ग्रंथालयांत होता. १९०० मध्ये हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक यांना आपापल्या प्रयोगांत तोच हिशोब दिसला आणि चौतीस वर्षांपूर्वीचा मेंडेल पुन्हा उजेडात आला. १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली की मेंडेलचे आकडे गरजेपेक्षा जास्तच जुळतात. ताळेबंद फारच तंतोतंत निघाला की तपासनीस भुवई उंचावतोच. त्यावर बराच वाद झाला, पण तीनास एक या प्रमाणाला धक्का लागला नाही, कारण ते इतरांच्या शेतांतही पुन्हा पुन्हा निघाले होते. सुरकुतीचे कारण १९९० मध्ये जनुकापर्यंत जाऊन सापडले. त्या दाण्यात स्टार्च नीट बनत नाही, साखर आणि पाणी जास्त राहते आणि वाळताना दाणा आक्रसतो. २०२५ पर्यंत सातही गुणांच्या जनुकांचा ठावठिकाणा लागला.

हा हिशोब वाटाण्यापुरता राहिला असता तर आपल्याला त्याचे एवढे अगत्य नव्हते. पण विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजाराने कित्येक घरे पोळली आहेत. थॅलसेमियाचेही असेच आहे. आईबाप दोघेही धडधाकट असतात, पण दोघांच्याही पोटी एकेक सदोष जनुक झाकलेले असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, आईबापांसारखे नुसते वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली असे नाही. प्रत्येक वेळी पाटी कोरी असते. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. त्यात रक्त तपासून जे कार्ड हाती देतात, त्यामागे ब्रनोच्या बागेतला हाच हिशोब आहे.

अशा घरांत आजारी लेकराचे खापर अजूनही सुनेच्या माहेरावर फुटते, नाहीतर गेल्या जन्माच्या पापावर. मेंडेलची वही वेगळे सांगते. असा आजार एकाच बाजूने येत नाही. दोन्ही घरांकडून सारखाच वाटा यावा लागतो आणि दोघांतल्या कोणालाही त्याची कल्पना नसते. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर दोघांच्या रक्ताचा कागदही पाहिला, तर तो वाटा वेळेवर कळतो आणि पुढचे निर्णय दोघांना मिळून, डोळसपणे घेता येतात.