शौल (इस्रायलचा राजा)

शौल हा प्राचीन इस्रायली लोकांचा पहिला राजा होय. त्याचा काळ साधारणतः इ.स.पू. ११ व्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो. समकालीन कोरीव लेखांत त्याचा उल्लेख आढळलेला नाही. पुढील वृत्तांत हिब्रू बायबलमधील शमुवेलाच्या ग्रंथांवर आधारलेला आहे.

पार्श्वभूमी

इस्रायलच्या बारा वंशांना तोपर्यंत राजा नव्हता. संकटकाळी पुढे येणारे शास्ते त्यांचे नेतृत्व करीत. किनारपट्टीवरील पलिष्टी लोकांनी लोहारकाम आपल्या ताब्यात ठेवल्यामुळे इस्रायली शेतकऱ्यांना नांगराचे फाळ पाजवण्यासाठीही त्यांच्याकडेच जावे लागे. लोकांनी वृद्ध संदेष्टा शमुवेल याच्याकडे राजाची मागणी केली. राजा तरुणांना सैन्यात नेईल आणि पिकाचा दशमांश घेईल, असे बजावून त्याने ती नाइलाजाने मान्य केली.

राज्यारोहण

शौल हा बन्यामीन या लहान वंशातील कीशाचा पुत्र. वडिलांची हरवलेली गाढवे शोधत असता त्याची शमुवेलाशी भेट झाली आणि शमुवेलाने त्याला गुप्तपणे तैलाभिषेक केला. पुढे मिस्पा येथे चिठ्ठ्या टाकून त्याची निवड झाली, तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. अम्मोनी राजा नाहाश याने याबेश-गिलाद या नगराला वेढा घालून तेथील प्रत्येकाचा उजवा डोळा फोडण्याची अट घातली. शौलाने सर्व वंशांचे सैन्य जमवून नगर सोडवले. या विजयानंतर गिलगाल येथे त्याचे राजपद सर्वमान्य झाले.

शमुवेल व दावीद यांच्याशी संघर्ष

युद्धापूर्वी शमुवेलाची वाट न पाहता शौलाने स्वतःच होमबली अर्पण केला. अमालेकी लोकांवरील स्वारीत राजा अगाग व उत्तम जनावरे राखून ठेवली. राजाही ईश्वरी आज्ञेने बांधलेला आहे, ही शमुवेलाची भूमिका होती. त्याने शौलाशी संबंध तोडले आणि दावीदाला अभिषेक केला. शौलाच्या खिन्नतेवर वीणावादनाने उतारा देणारा दावीद पुढे रणांगणावरही गाजला. त्यामुळे शौलाच्या मनात मत्सर निर्माण झाला. दावीद हा त्याची कन्या मीखल हिचा पती आणि पुत्र योनाथान याचा जिवलग मित्र होता. तरीही शौलाने त्याचा पाठलाग केला. दावीदाला साहाय्य केल्याच्या संशयावरून त्याने नोब येथील ८५ याजकांची हत्या करविली.

मृत्यू

गिलबोवा डोंगरावरील पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत योनाथानासह तीन पुत्र मारले गेले. जखमी शौलाने स्वतःच्या तलवारीवर पडून प्राण दिला. शत्रूने त्याचे प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगले. तेव्हा याबेश-गिलादच्या वीरांनी रातोरात जाऊन शौल व त्याच्या पुत्रांची प्रेते आणली आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. शौलाने ज्या नगराचे डोळे वाचवले होते, त्याच नगराने त्याची अखेरची विटंबना थांबवली.

वारसा

शौलानंतर त्याचा पुत्र ईश-बोशेथ अल्पकाळ गादीवर होता. त्यानंतर सर्व इस्रायलचे राज्य दावीदाकडे आले. कुराणात शौलाचा उल्लेख तालूत या नावाने येतो.