पानिपतावरील पुत्राची माता : गोपिकाबाई पेशवे

पानिपतच्या संग्रामावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. सेनापतींचे डावपेच, तोफांचा मारा आणि सरदारांचे रुसवेफुगवे यांची चर्चा अद्यापि संपलेली नाही. त्या रणधुमाळीपासून शेकडो कोस दूर ज्येष्ठ पुत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मातेचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. महाराष्ट्रापासून दूर संसार थाटलेल्या आपणा सर्वांपुढे त्या गोपिकाबाईंचे चरित्र थोडक्यात ठेवावे, असे आम्हांस वाटते.

गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. १७३० मध्ये बालवयातच त्यांचा विवाह बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांच्याशी झाला आणि १७४० मध्ये पती पेशवेपदी येताच त्या शनिवारवाड्याच्या स्वामिनी झाल्या. विश्वासराव, माधवराव व नारायणराव या त्यांच्या तिन्ही पुत्रांची नावे इतिहासात राहिली.

विश्वासरावांचा जन्म १७४२ चा. मिसरूड फुटते न फुटते तोच, १७५७ मध्ये, निजामाविरुद्धच्या सिंदखेडच्या मोहिमेत ते सामील झाले होते. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंबरोबर ते अब्दालीविरुद्ध उत्तरेकडे निघाले. भाऊंचे वर्चस्व वाढू नये म्हणून गोपिकाबाईंनीच पुत्राला धाडण्याचा आग्रह धरला, असे परंपरा सांगते. ते खरे मानले, तर पुढे या मातेच्या जिवाची केवढी तगमग झाली असेल, याची कल्पनाच करावी!

ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला. आनंदाची वार्ता येण्याचे दिवस तेवढेच. लगेच अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठी फौजेचा दक्षिणेशी असलेला मार्ग तुटला. दोन महिन्यांहून अधिक काळ सैन्य पानिपतास अडकून पडले. रसदेची भिस्त ज्यांच्यावर होती, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत अन्नाची टंचाई आणि घरी वार्तेची, अशी दुहेरी उपासमार सुरू झाली. जासूद न यावा आणि मनाने नाना तर्क करावेत, ही यातना रणांगणावरील जखमेहून हलकी नव्हे.

१४ जानेवारी १७६१ रोजी ऐन युद्धात विश्वासराव गोळी लागून पडले. वय अवघे अठरा वर्षांचे. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना ही वार्ता भेलशाजवळ (आजचे विदिशा) कळली, तीही एका सावकारी पत्रातून. मोती आणि मोहरा गमावल्याच्या सांकेतिक भाषेत. खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. सहा महिन्यांच्या आत गोपिकाबाई पुत्राला आणि पतीला मुकल्या.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. या युद्धाचा फार्सी वृत्तांत त्यानेच लिहिला. शुजाने रदबदली करून विश्वासरावांचा देह मिळविला आणि अनुपगीर गोसावी व काशीराज यांच्या देखरेखीखाली त्यावर अंत्यसंस्कार झाले. चाकरी शत्रुपक्षाची, परंतु आपल्या मुलखातल्या पोराला अग्नी मिळावा ही आच त्या परप्रांतवासी माणसाने सोडली नाही. मातेला जे करता आले नाही, ते एका अनोळखी देशबांधवाने केले.

पुढेही दैवाने गोपिकाबाईंची पाठ सोडली नाही. कर्तबगार माधवरावांशी त्यांचे मतभेद झाले व त्या नाशिकनजीक गंगापुरास गोदातीरी जाऊन राहिल्या. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला क्षयाने गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यातच वध झाला. तेही अठराच वर्षांचे होते. एक पुत्र परमुलखात रणी पडला, दुसरा आजाराने गेला आणि तिसरा स्वतःच्या घरात मारला गेला!

तरीही ही स्त्री केवळ शोक करीत बसली नाही. नातू सवाई माधवराव यांना त्यांनी दिनचर्या, अभ्यास आणि माणसांशी वागणूक यांविषयी लेखी उपदेश पाठविला. पुत्रांची काळजी वाहण्याचे संपले, तेव्हा नातवाची वाहिली. १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोपिकाबाईंच्या स्वभावावर इतिहासकारांनी कठोर टीका केली आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु आपल्यापैकी ज्यांचे पुत्र आज सीमेवर आहेत, त्या माता तरी त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतील. पानिपतचे काला अंब येथील स्मारक पाहावयास जाल, तेव्हा तेथे पडलेल्या वीरांबरोबर त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मातांनाही हात जोडावेत, एवढीच आमची विनंती आहे.