मागच्या रांगेतील आवाज

लिव्हरपूलच्या एका बसकंडक्टरच्या घरी १९४३ साली जॉर्ज हॅरिसनचा जन्म झाला. ‘बीटल्स’ या वाद्यवृंदात तो गिटार वाजवी. मुख्य गायनाचा मान बहुतेक लेनन व मॅकार्टनी यांचाच. जॉर्जच्या वाट्याला एका तबकडीत एकदोन गाणी येत. १९६९ च्या जानेवारीत तो वैतागून निघून गेला. काही दिवसांनी परतला. त्याच वर्षी त्याने रचून गायिलेले ‘समथिंग’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. १९७० मध्ये वाद्यवृंद फुटला, तेव्हा साचलेल्या गाण्यांचा त्याने तीन तबकड्यांचा संच काढला. १९७१ साली रविशंकरांच्या विनंतीवरून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तो न्यूयॉर्कला गायला. २००१ मध्ये तो निवर्तला. मागे उभ्या असलेल्याच्या गळ्यातही गाणे असते. त्याची पाळी आली पाहिजे.