लांकडी छापयंत्राचे कर्ते गणपत कृष्णाजी

या पत्रांत बहुधा प्रभूच्या सेवकांचीं चरित्रें येत असतात. आज ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ते आपल्या मंडळीचे नव्हते. मुंबईचे गणपत कृष्णाजी हे भंडारी जातीचे हिंदु गृहस्थ; ते सन 1860 मध्यें वारले. ते शास्त्री नव्हते, सरदार नव्हते, मोठे व्यापारीही नव्हते. तथापि जालना जिल्ह्यांतील ज्या झोंपडींत आज एक तरी छापील मराठी पुस्तक आहे, त्या झोंपडीवर या कारागिराचे थोडेंबहुत ऋण आहे. आपल्या मंडळ्यांत जे बंधु वाकस व रंधा चालवून पोट भरतात, त्यांनीं तर ही हकीकत अवश्य ऐकावी. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस उपदेशकांनीं ती वाचून दाखवावी.

दोनशें-अडीचशें वर्षांमागें आपल्या देशांत पुस्तक म्हणजे हातानें लिहिलेली पोथी. ती लिहिण्यास महिनेच्या महिने लागत, आणि ती बहुधा ब्राह्मणाच्या घरींच असे. सन 1805 मध्यें बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें केरीसाहेबांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, आणि मत्तयाचें शुभवर्तमानही मराठींत त्याच सालीं तेथें निघालें. त्याच सालीं मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. पण तो उद्योग पुढें वाढला नाहीं. सन 1813 मध्यें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, व पुढें चार वर्षांनीं त्यांच्या मिशनच्या छापखान्यांतून लहान लहान मराठी पुस्तकें निघूं लागलीं. हॉलसाहेब तीं पुस्तकें घेऊन गांवोगांव फिरत. असेच फिरत असतां सन 1826 मध्यें नाशिकेकडील एका खेड्यांत पटकीनें त्यांचा अंत झाला.

मिशनचीं हीं पुस्तकें गणपत कृष्णाजींच्या हातीं पडलीं. तीं वाचून त्यांचें मन प्रभूकडे वळलें नाहीं. त्यांच्या मनांत निराळाच विचार आला. परदेशांतून आलेले लोक जर आपल्या भाषेंत आपल्या धर्माचीं पुस्तकें छापूं शकतात, तर आपणही आपल्या धर्माचीं पुस्तकें कां छापूं नयेत? परंतु विचार येणें सोपें, आणि यंत्र कोठून आणावें? शिकविणारा कोणी नव्हता. तेव्हां त्यांनीं आपल्या घरींच, आपल्या हातांनीं, लांकडाचें एक छापयंत्र तयार केलें.

हें काम किती बिकट आहे तें सुताराला सांगावें लागणार नाहीं. ज्या पाटावर कागद ठेवावयाचा तो अगदीं सपाट पाहिजे. वरची फळी चहूंकडे सारखी दाबली पाहिजे; एका कोंपऱ्यास गव्हाएवढी उंची राहिली तर तेथील अक्षर काळेंकुट्ट व दुसऱ्या कोंपऱ्यांतील पुसट. शिवाय मुंबईची हवा दमट; लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आवळतें. बैलगाडीचा सांगाडा थोडा वांकडा झाला तरी गाडी चालते. छापयंत्र चालत नाहीं.

यंत्र झालें, पण अक्षरें कोठें होतीं? त्यांनीं दगडाचे लहान तुकडे मिळवून त्यांवर अक्षरें लिहून पाहिलीं. हिला शिळाछाप म्हणतात; ही युक्ती जर्मनी देशांत सेनेफेल्डर नांवाच्या मनुष्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस काढली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनें लिहावयाचें, मग दगड पाण्यानें ओला करावयाचा. कोऱ्या जागेवर पाणी राहतें, तेलकट अक्षरावर राहत नाहीं. वरून शाईचा रूळ फिरविला म्हणजे शाई अक्षरासच चिकटते, आणि कागद दाबला कीं तें कागदावर उतरतें. मात्र दगडावर अक्षर उलटें असलें पाहिजे, तेव्हां कागदावर सुलटें येतें. शाईही गणपत कृष्णाजींनीं घरींच तयार केली. हा प्रयोग बऱ्यापैकीं साधल्यावर मग त्यांनीं लोखंडी यंत्र करविलें व त्यावर कांहीं लहान पुस्तकें छापलीं.

सन 1831 मध्यें, म्हणजे शके 1753 चें, त्यांनीं पंचांग छापलें. छापील मराठी पंचांगाचा आरंभ हाच. आतां गंमत पाहा. छापील कागदास हात लावला तर विटाळ होतो असें त्या काळीं पुष्कळ ब्राह्मणांस वाटे, कारण शाईंत जनावराची चरबी असते असा त्यांचा संशय. गणपत कृष्णाजींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं शाईंत तूप घातलें! तुपास कोण नांवें ठेवणार? जो कागद अपवित्र म्हणून दूर ठेविला होता, तोच वर्षप्रतिपदेस मांडीवर घेऊन जोशीबुवा वर्षफल सांगूं लागले. मला तर असें वाटतें कीं, विटाळाच्या भिंतीस इतकें स्वस्त भगदाड दुसऱ्या कोणी क्वचितच पाडलें असेल.

पुढें त्यांनीं शिळाछापावर न थांबतां धातूचे ठसेही आपल्याच कल्पनेनें पाडले. मराठींत काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरें असल्यामुळें शेंकडों निरनिराळे ठसे लागतात. त्याच सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम हे सुबक मराठी अक्षरें तयार करीत होते. एकीकडे शुभवर्तमान, दुसरीकडे पुराणें. पण हातांना लागलेली शाई एकाच रंगाची.

कोणी उपदेशक मला विचारील कीं, मिशनचें पाहून ज्यानें मूर्तिपूजकांचे ग्रंथ छापले त्याची स्तुति या पत्रांत कशाला? त्यास मी सोराच्या हीरामाची आठवण देतों. परमेश्वराचें मंदिर बांधावयाचें होतें तेव्हां शलमोनानें सोराहून गंधसरूचें लांकूड मागविलें, आणि कसबी कारागीरही तेथूनच बोलाविला. कौशल्य देणारा देव आहे; तें कोणाच्या हातांत ठेवावें हें तो आपणांस विचारीत नाहीं. आणि दुसरें असें कीं, गणपत कृष्णाजींनीं जें छापलें त्यामुळें वाचणारे वाढले. वाचणारे वाढले म्हणून आपलीं पुस्तकें घेणारेही वाढले.

आणखी एक गोष्ट मनांत सलते ती बोलून टाकतों. ज्या मिशनांतून आपण आलों, त्याचे नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल गांव वसविलें, तें गरीब ख्रिस्ती लोकांनीं आपल्या हातांच्या कष्टानें ताठ मानेनें राहावें म्हणून. आज मात्र आपला मुलगा चार इयत्ता शिकला कीं बापाची करवत खुंटीवर टांगतो, व तिच्याकडे पाहावयासही लाजतो. नासरेथच्या सुताराच्या नांवानें बाप्तिस्मा घेतलेल्या घरांत हें व्हावें काय?

गणपत कृष्णाजी वारल्यावर तीन वर्षांनीं, 1863 मध्यें, गोविंद नारायण माडगांवकर यांनीं मुंबई शहराचें वर्णन लिहिलें, आणि त्यांत या कारागिराची हकीकत आदरानें नमूद केली. ती नमूद केली नसती तर लांकडी यंत्राची व त्या दगडाच्या तुकड्यांची गोष्ट आज कोणास ठाऊक असती? त्यांच्या नांवाचा छापखाना त्यांच्यामागेंही चालला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं ठसे घासणारे जावजी दादाजी यांनीं 1864 मध्यें मुंबईंत ठसे ओतण्याचा कारखाना काढला, व 1869 मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. आणि तेथील निर्णयसागर पंचांग महाराष्ट्रांतील घरोघरीं खुंटीस लागलें.