हिरव्या रेषेचा माणूस

थंडी पडली, की पेण-रोह्याकडची हौशी मंडळी कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन गावाबाहेर अंधार शोधत निघतात. पेणला हायवेचे दिवे, रोह्याला धाटाव एमआयडीसीचा उजेड. तो चुकवला की पहिला नेम बहुतेक मृग नक्षत्रावर. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो पुसट ठिपका दिसतो तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे ओरायन नेब्युला. लाँग एक्स्पोजरमध्ये काय उमलतो तो! १८९१ साली पुण्यातले एक प्रोफेसर याच ठिपक्याकडे बघत होते. पण त्यांना फूल नको होतं, त्यातली एकच रेष हवी होती.

त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७चा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८८२ मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायला आले. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. नायगमवाला इंग्लंडला जाऊन तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी बोलून आले आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. पुढे तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण आली. त्या काळी देशात एवढी मोठी दुसरी नव्हती.

आता ती रेष. ताऱ्याचा किंवा तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून फोडला की त्यात रेषा दिसतात आणि त्यावरून तिथे कोणतं द्रव्य आहे ते कळतं. मृगातल्या तेजोमेघाची सर्वांत ठळक रेष हिरवी, आणि ती कशाची हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नॉर्मन लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमची. तसं असतं तर ती एका बाजूने धूसर, पसरलेली दिसायला हवी होती. लॉकियर म्हणजे केवढं प्रस्थ! पुण्यातल्या वेधशाळेच्या उभारणीतही त्यांचा सल्ला होता. पण नायगमवालांना ती रेष दर वेळी बारीक आणि धारदारच दिसली. त्यांनी तसंच छापून टाकलं. ज्यांचा सल्ला घेतला त्यांचाच सिद्धांत डळमळीत करायचा, आणि तोही पुण्यात बसून, १८९१ मध्ये. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत धाडसाचं.

मग आलं २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा विजयदुर्गाजवळ कोकणात शिरून ईशान्येकडे गेला. पेण-रोहा त्याच्या बाहेर राहिले, इथे सूर्याची कोर तेवढी उरली. लॉकियर विजयदुर्गावर उतरले. (हेलियमचा शोध तिथेच लागला असं आपल्याकडे हमखास सांगतात. पण तो १८६८चा, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडात होते.) नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर निवडलं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन तिथेच आले होते. पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं, रँडच्या खुनाला सात महिने झालेले, आणि हे गृहस्थ काचेच्या प्लेटा सांभाळत जेऊरला. हातात वेळ किती? जेमतेम दोन मिनिटं. प्लेट सरकवताना हात हलला की संपलं, रीटेक नाही! त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचे आणि वर्णपटाचे फोटो मिळवले. त्यावरचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला.

१९०० पासून ते वेधशाळेचे पूर्णवेळ संचालक होते. पण त्यांच्यामागे काम चालवणारं कुणी तयार झालं नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. यंत्रं कोडाईकनालला गेली, वीस इंची दुर्बीणसुद्धा.

त्या हिरव्या रेषेचा उलगडा १९२७ मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी केला. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. पृथ्वीवरची हवा इतकी दाट, की ती इथे सहसा उमटतच नाही. लॉकियर तेव्हा हयात नव्हते, नायगमवाला होते. त्यांचं निधन १९३८ मध्ये झालं. आज तेजोमेघाचे फोटो काढणारे कॅमेऱ्यापुढे जो ओ-थ्री फिल्टर लावतात, तो बाकीचा बराचसा उजेड अडवून मुख्यतः हीच रेष आत सोडतो.